अंमल आणि उपचार : दोन पुस्तकांच्या निमित्ताने

गेल्या आषाढात माझ्या पुतण्याने नेदरलँड्सहून एक जाड इंग्रजी पुस्तक पाठवले. आत चिठ्ठी होती : 'काका, आधी तुम्ही वाचा, मग बाबांविषयी बोलू.' पुस्तक मायकेल पोलन या अमेरिकन लेखकाचे, 'हाऊ टू चेंज युवर माइंड', २०१८ साली प्रसिद्ध झालेले. एलएसडी, सिलोसायबिन यांसारखी जी द्रव्ये जगभरच्या कायद्यांनी निषिद्ध ठरवली, त्यांचा उपयोग नैराश्य, मरणभय आणि व्यसन यांवरील उपचारांत होऊ शकेल काय, याचा शोध घेणाऱ्या संशोधकांची ही हकिगत आहे.

चिठ्ठीतले 'बाबा' म्हणजे माझा धाकटा भाऊ. हायस्कुलात गणित शिकवणारा हा माणूस गेली एकोणीस वर्षे नैराश्याने ग्रासलेला आहे. औषधे बदलली, डॉक्टर बदलले, मात्रा वाढल्या. मधूनच महिना-दोन महिने उघडीप मिळते आणि पुन्हा आभाळ भरून येते. पुतण्या नोकरी करतो त्या देशाने २००८ साली सिलोसायबिनयुक्त अळंब्यांच्या विक्रीवर बंदी घातली. पण त्याच बुरशीच्या जमिनीखाली वाढणाऱ्या गाठी, ज्यांना तिथे ट्रफल म्हणतात, त्या बंदीतून सुटल्या. त्या देऊन भरवली जाणारी निवासी शिबिरे तिथे उघडपणे चालतात. बाबांना अशा एखाद्या शिबिरास न्यावे काय, हा त्याचा प्रश्न.

आता हा प्रश्न ज्याला विचारला गेला, त्याने चौतीस वर्षे कर्नाटक राज्याच्या अबकारी खात्यात काढलेली आहेत. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा अमलात आला आणि पुढच्याच वर्षी मी नोकरीस लागलो. गांजाची पोती, गावठी दारूच्या भट्ट्या, चोर्ला घाटातून येणाऱ्या गोव्याच्या बाटल्या, यांचे पंचनामे लिहिण्यात माझी उमेद गेली. एलएसडीची गोष्ट सांगायची तर, कायद्याच्या हिशेबी त्याच्या दोन मिलिग्रॅमपर्यंतच्या साठ्यास अल्प म्हणतात आणि शंभर मिलिग्रॅमला ते व्यापारी प्रमाण ठरते, ज्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. गांजाचे व्यापारी प्रमाण वीस किलो. या दोन आकड्यांतील अंतर पाठ असलेल्या माणसाने पोलनचे पुस्तक मोकळ्या मनाने वाचावे, ही अपेक्षा पुतण्याच्या प्रेमाचीच साक्ष होय.

मी ते वाचले. मात्र त्याआधी कपाटातून दुसरे एक पुस्तक काढले. ते अनिल अवचट यांचे 'गर्द'. माझ्या नोकरीच्या आरंभीच ते निघाले आणि तेव्हापासून व्यसनाविषयी मराठीत जे जे वाचले, बोलले, ऐकले गेले, त्याच्या तळाशी हे पुस्तक राहिले. ब्राऊन शुगरच्या आहारी गेलेल्या तरुणांचे ते चित्रण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक पाठबळ दिले आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, हा इतिहास बहुतेकांस माहीत आहे. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट या मनोविकारतज्ज्ञ. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या. त्याच आवारात मुक्तांगणचा आरंभ झाला. एखाद्या मराठी पुस्तकातून संस्था जन्मास यावी आणि ती पुढे चार दशके टिकावी, अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच.

चाळीस वर्षांनी 'गर्द' पुन्हा वाचताना दोन गोष्टी जाणवल्या. पहिली त्याच्या गद्याची. अवचट स्वतः डॉक्टरकीची पदवी घेतलेले. पण पुस्तकात ते निदान करीत नाहीत, समोरच्याजवळ बसतात. वाक्ये छोटी, बोलण्यातली. लेखक आपला गोंधळ लपवीत नाही. व्यसनी मुलगा खोटे बोलतो हे कळत असूनही त्याचे बोलणे तो पुरते ऐकून घेतो. आमच्या खात्यात जबाब नोंदवण्याची जी पद्धत आहे, तीत प्रश्न आधी ठरलेले असतात आणि उत्तर त्यांच्या मापाने कापून घेतले जाते. पंचनाम्याच्या भाषेत मुरलेल्या मला अवचटांचे ते ऐकणे तेव्हा थोडे भाबडे वाटले होते. आज वाटत नाही.

दुसरी गोष्ट पुस्तकाबाहेरची, ते वाचणाऱ्या आपल्या समाजाची. 'गर्द'ने मराठी मध्यमवर्गाला एक भय दिले आणि ते भय योग्यच होते. हेरॉइनच्या त्या भेसळ पुडीने घरेच्या घरे बुडत होती. परंतु 'गर्दुल्ला' या एका शब्दात आपण पुढे सगळेच कोंबले. गर्द, गांजा, एलएसडी, झोपेच्या गोळ्या, सारे एकाच पोत्यात. याचा दोष लेखकाकडे जात नाही. त्याने जे पाहिले तेच लिहिले. आपण मात्र त्या पुस्तकाला पदार्थांचा कोश समजलो. वास्तविक ही द्रव्ये शरीरात निरनिराळी कामे करतात. हेरॉइन शरीराला आपली चटक लावते. ते सुटले की अंगाला जी कळ लागते, तिला व्यसनी मंडळी 'टर्की' म्हणतात. सिलोसायबिनची किंवा एलएसडीची अशी शारीरिक ओढ लागत नाही. लागोपाठ घेतल्यास त्यांचा परिणामच मंदावतो. त्यांचे धोके वेगळ्या जातीचे आहेत आणि त्यांविषयी पुढे लिहायचे आहे.

येथे थोडे शब्दांविषयी. नशा, कैफ, झिंग, धुंदी, गुंगी, तार अशी मोठी संपत्ती आपल्या भाषेत आहे. पण या सर्वांत जाणीव मंदावण्याचा किंवा बेताल होण्याचा भाव आहे. 'अमली' हा शब्द तर 'अंमल' या राज्यकारभाराच्या शब्दापासून आलेला : जे मनावर सत्ता गाजवते ते अमली. कानडीतही नशेला 'अमलु'च म्हणतात. म्हणजे नशेत असलेला इसम आणि त्याला धरणारा अंमलदार ही एकाच शब्दाची लेकरे! (महाराष्ट्रात आमच्या खात्याला आता 'राज्य उत्पादन शुल्क' म्हणतात, सीमेच्या अलीकडे आम्ही अजून अबकारीवालेच.) हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात आल्डस हक्स्लेशी झालेल्या पत्रव्यवहारात 'सायकेडेलिक' हा शब्द घडवला, तो मन आणि प्रकट करणे या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून. मनावर सत्ता गाजवणारे आणि मन प्रकट करणारे, या दोन कल्पना एकमेकींपासून किती लांब! वृत्तपत्रे 'भ्रांतिजनक' असा प्रतिशब्द वापरतात, त्यात निकाल आधीच लावलेला असतो. आपल्या काव्यशास्त्रातील व्यंजनेचा आधार घेऊन 'मनोव्यंजक' म्हणता येईल काय, असे मनात आले. मी आग्रह धरीत नाही. पण शब्द नसल्यामुळे विचार अडतो, याचा अनुभव हे पुस्तक वाचताना पानोपानी आला.

पोलनचे पुस्तक इतिहासाच्या बाबतीत उत्तम आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सँडोझ कंपनीत काम करणाऱ्या आल्बर्ट हॉफमनने १९३८ साली एलएसडी तयार केले आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये त्याचे २५० मायक्रोग्रॅम स्वतः घेऊन तो सायकलवरून घरी गेला, ही कथा अनेकांनी सांगितली आहे. त्यानंतरची वीस वर्षे मात्र आपण साफ विसरलो आहोत. त्या काळात ही द्रव्ये रुग्णालयांतून, विद्यापीठांतून गांभीर्याने अभ्यासली जात होती. ऑस्मंड कॅनडात दारूच्या व्यसनींवर एलएसडीचा प्रयोग करीत होता. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा एक संस्थापक बिल विल्सन याने १९५६ साली स्वतः एलएसडी घेतले आणि दारूड्यांना त्याचा उपयोग होईल असे त्याला वाटले. हा तपशील वाचून मी पुस्तक मिटून बसलो. कारण आपल्याकडील व्यसनमुक्तीच्या कामाचा, मुक्तांगणमधील सभांचासुद्धा, एक धागा या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसपर्यंत जातो. नशा सोडवणाऱ्या चळवळीच्या मूळपुरुषालाच या द्रव्यात औषध दिसले होते! त्याच्या सहकाऱ्यांना ते रुचले नाही, हेही तितकेच समजण्यासारखे आहे.

पुढे हार्वर्डमधील टिमथी लीरी प्रकरण झाले, १९६३ साली त्याला विद्यापीठाने काढले, द्रव्ये प्रयोगशाळेतून रस्त्यावर आली, आणि अमेरिकेचा १९७० चा कायदा व संयुक्त राष्ट्रांचा १९७१ चा करार यांनी दार लावून घेतले. आपला १९८५ चा कायदा याच परंपरेतला. त्यानंतरची शांतता मोडली ती २००६ साली, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रोलंड ग्रिफिथ्स यांच्या निबंधाने. २०१६ साली त्यांनी कर्करोगाच्या ५१ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मृत्यूच्या भयाने खचलेल्या या माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांना सहा महिन्यांनंतरही लक्षणीय आराम होता. ग्रिफिथ्स स्वतः २०२३ साली कर्करोगानेच गेले.

येथे आपल्याकडे हमखास निघणारा एक विषय उरकून टाकतो. पुस्तकाविषयी मी आमच्या मित्रमंडळात बोललो तेव्हा एका स्नेह्यांनी तत्काळ सांगितले, की यात नवे काय, आपल्याकडे सोम होताच. सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर गॉर्डन वॉसन याने १९६८ साली एका विषारी अळंबीचा पक्ष घेतला. पुण्याचे श्रौतविद्येचे अभ्यासक चिं. ग. काशीकर यांनी एफेड्रा कुळातील वनस्पतीचा. एफेड्रा उत्तेजक आहे, ती मनोव्यंजक नव्हे. एकमत आजही नाही. ज्या वनस्पतीची ओळख पटलेली नाही तिच्या पुण्याईवर आजच्या रुग्णाला काय मिळणार, हे त्या स्नेह्यांना मी विचारले. त्यांनी चहा मागवला.

आता पुस्तकाच्या उणिवांकडे. पोलन हा रसाळ लेखक आहे आणि तेथेच त्याची अडचण आहे. पुस्तकाच्या मध्यभागी त्याने स्वतः घेतलेल्या अनुभवांची प्रवासवर्णने आहेत. कायद्याला चुकवून हे काम करणारे मार्गदर्शक त्याने गाठले, त्यांची नावे बदलून त्यांच्याविषयी लिहिले. (माझ्यातला जुना निरीक्षक या पानांवर बराच चुळबुळला.) साठीच्या उंबरठ्यावरचा, प्रकृतीने ठीक, हृदयाची किरकोळ तक्रार असल्याने आधी हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घेऊन निघालेला, यशस्वी लेखक, त्याला कोणताही मानसिक आजार नाही. त्याने जे अनुभवले ते सुंदर असेल. पण आजारी माणसाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध पातळ आहे. निरोगी यात्रेकरूच्या डोळ्यांनी दवाखाना पाहिल्यासारखे ते वाटते. पुस्तकाचा खरा गाभा शेवटाकडे येतो, मरणासन्न, व्यसनी आणि निराश रुग्णांच्या प्रकरणात. आणि नेमके तेच प्रवासवर्णनाच्या मानाने घाईने आटोपल्यासारखे झाले आहे.

मेंदूविषयीच्या प्रकरणातही प्रतिमा पुराव्याच्या पुढे धावते. बर्फाच्या उतारावर घसरगाड्या वारंवार त्याच खाचांतून जातात, ताजा बर्फ पडला की नवी वाट शक्य होते, अशी एका संशोधकाची उपमा पुस्तकात येते. उपमा सुरेख आहे. माझ्या भावाला ती लगेच पटली. म्हणाला, 'दादा, आमच्या गाडीची चाकं चाकोरीतच रुतली आहेत.' परंतु उपमा पटणे आणि उपचार लागू पडणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर पुस्तकानंतरच्या वर्षांत स्पष्ट झाले. २०२१ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील ५९ रुग्णांच्या प्रयोगात सिलोसायबिन आणि एस्सिटालोप्राम ही नेहमीची गोळी यांच्यात, मुख्य मोजमापावर, ठोस फरक दिसला नाही. २०२२ साली दहा देशांतील २३३ रुग्णांच्या चाचणीत, ज्यांच्यावर इतर औषधे चालली नव्हती अशांना पूर्ण मात्रा दिल्यावर तीन आठवड्यांनी ३७ टक्क्यांचे नैराश्य निम्म्याने तरी उतरले. नाममात्र मात्रा दिलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. बारा आठवडे टिकलेला गुण सुमारे २० टक्क्यांपर्यंत आला. आत्मघाताचे विचार वाढल्याच्या नोंदीही त्यात आहेत. शिवाय ज्याला भिंती हलताना दिसतात त्याला आपण खरे औषध घेतले हे कळणारच. मग आशेचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळे कसे काढायचे? २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एमडीएमएच्या उपचारास मान्यता नाकारून आणखी एक मोठी चाचणी करण्यास सांगितले. ऑस्ट्रेलियाने मात्र १ जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ही द्रव्ये देण्याची परवानगी दिलेली आहे.

म्हणजे गोष्ट खोटी नाही, आणि पुस्तकाने रंगवली तितकी उजळही नाही. सरकारी माणसाला असा मधला शेरा लिहिण्याची सवय असते, असे कोणी म्हणेल. असो.

भावाने पुस्तक माझ्यानंतर वाचायला घेतले. मी आधी देत नव्हतो. त्याला खोटी आशा लागेल, ही भीती. पण ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्यालाच पुस्तक न दाखवणे हे आपल्या घराघरांतले जुने पाप आहे, असे माझ्या पत्नीने सुनावले, तेव्हा दिले. तो रोज सात-आठ पाने वाचतो, शब्दकोश जवळ घेऊन. त्या उपचारात काय करतात ते मी त्याला सांगितले होते : आधी काही बैठकी, मग एक दिवस शांत खोलीत, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, सहा ते आठ तास, आणि तेवढा वेळ प्रशिक्षित माणसे शेजारी बसून. मग पुन्हा बैठकी, पाहिलेल्या-भोगलेल्याचा अर्थ लावण्यासाठी. त्याने बाकी काही विचारले नाही. एवढेच म्हणाला, 'आठ तास? कोण बसतं?'

एकोणीस वर्षांत, किती तरी डॉक्टरांच्या दारांत, त्याच्या वाट्याला प्रत्येक भेटीत पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ क्वचितच आला. डॉक्टरांना तरी किती दोष द्यावा. बाहेर रांग असते. 'निम्हान्स'ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत, देशातील प्रौढांपैकी दहांत एकास तरी मानसिक आजार आणि त्यांतील बहुसंख्यांस उपचारच नाही, असे दिसले. आमच्या मच्छ्यात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे, औद्योगिक वसाहत आहे. पण मनोविकारतज्ज्ञासाठी आम्हांस शहर गाठावे लागते आणि पुष्कळदा धारवाड.

भावाच्या त्या प्रश्नाने दोन्ही पुस्तके माझ्यापुरती एका जागी आली. नव्या उपचारपद्धतीत द्रव्य हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे शेजारी बसलेला माणूस. याच जागी मोठा धोकाही आहे, कारण अशा अवस्थेत रुग्ण मेणासारखा मऊ असतो. कॅनडातील एमडीएमएच्या एका चाचणीत उपचारकांनीच रुग्णेशी गैरवर्तन केल्याचे उघड झाले आहे. पोलन शेजारी बसण्याचा उल्लेख करतो. पण त्याचा सारा ओढा आतल्या दृश्यांकडे आहे. अवचटांच्या पुस्तकात दृश्ये नाहीत, बसणे आहे. मुक्तांगणने पुढे जे उभे केले त्याचा आधारही तोच : बरा झालेला मित्र नव्याने आलेल्याजवळ बसतो, व्यसनींच्या पत्नी 'सहचरी' गटात एकमेकींजवळ बसतात. द्रव्य काढून टाकायचे असो वा द्यायचे असो, हा भाग दोहोंकडे समान आहे आणि मराठीत तो आधी लिहिला गेला होता.

याला पुरावा काय, असे विचारणाऱ्यासाठी फार लांब जावे लागत नाही. घाट उतरला की गोवा. तेथील 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी घेतल्या. जमेल तेथे रुग्णाच्या घरी जाऊन. दिवसातले एखादे लहान काम पुन्हा सुरू करण्यास मदत करणे, असे त्यांच्या पद्धतीचे साधे स्वरूप. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. वर दिलेल्या सिलोसायबिनच्या आकड्यांशी यांची सरळ तुलना करू नये. तेथील रुग्ण औषधांना दाद न देणारे होते, मोजपट्टीही निराळी होती. तरी मला राहवत नाही. ज्या वर्षांत हे काम गोव्यात चालले होते, त्या वर्षांत मी घाटातल्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्यांच्या डिक्या उघडून बाटल्या मोजीत होतो. गोव्यातून आणखी काही आणण्याजोगे आहे, हे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

पुतण्याला काय कळवायचे, हे ठरवताना एक कौटुंबिक गोष्ट निर्णायक ठरली. आमच्या थोरल्या आत्याला स्किझोफ्रेनिया होता. तेव्हा घरात हा शब्द नव्हता. 'बाहेरचं झालंय' म्हणत, आणि माडीवरची एक खोली होती. ज्यांच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात असा आजार आहे त्यांना या चाचण्यांत बहुधा घेत नाहीत. सुप्त आजार जागा होण्याचे भय असते. काही औषधांबरोबर, विशेषतः लिथियमबरोबर, ही द्रव्ये घातक ठरू शकतात. भाऊ लिथियम घेतो. काटेकोर संशोधकांनी त्याला दारातूनच परत पाठवले असते. हौशी शिबिराने एक फॉर्म भरून घेतला असता आणि त्या फॉर्मवर आत्याचे नाव कोण लिहिणार होते? माझ्या पुतण्याला ती ठाऊकच नव्हती. आम्ही तिच्याविषयी कधी बोललोच नाही. त्या रात्री त्याला फोनवर प्रथम आत्याची गोष्ट सांगितली, ट्रफलची नंतर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'काका, हे आधी का नाही सांगितलंत?' याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

याचा अर्थ संशोधन नको, असा कोणी घेऊ नये. उलट याच काळात मला आमच्याच कायद्यातील कलम आठ पुन्हा वाचावेसे वाटले. या कलमाचा आधार घेऊन मी किती दोषारोपपत्रे तयार केली, याची गणती नाही. बाळगणे, विकणे, वाहून नेणे, सेवन करणे, अशी निषिद्ध क्रियापदांची लांब माळ त्यात आहे. ती आम्हांला तोंडपाठ असे. त्या माळेच्या अखेरीस अपवाद आहे : वैद्यकीय किंवा वैज्ञानिक प्रयोजनांखेरीज. चौतीस वर्षे मी हे शब्द न वाचता वाचले. नियमांची वाट अरुंद आहे, परवान्यांचे कागद पुष्कळ आहेत, हे मान्य. पण कायद्याने दार चिणून टाकलेले नाही, कडी लावली आहे. भूल देण्यासाठी आपल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे वापरले जाणारे केटामीन हेही याच कायद्याच्या यादीत आहे आणि त्याचा हट्टी नैराश्यावर होणारा उपयोग आपल्याकडचे डॉक्टर आज करीतच आहेत. बेंगळूरु, पुणे येथील संस्थांनी सिलोसायबिनचा अभ्यास उघड्यावर, नोंदी ठेवून, आपल्या रुग्णांसाठी करावा आणि त्यात आठ तास बसणाऱ्याचे शिक्षण द्रव्याइतकेच मोलाचे मानावे. अमेरिकेतील शांत खोल्यांचे निष्कर्ष आमच्या माडीवरच्या खोल्यांना जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

मराठीत या विषयावर लिहिले जाईल तेव्हा पोलनचे भाषांतर पुरेसे होणार नाही, असे मला वाटते. २०२२ च्या जानेवारीत अवचट गेले. त्यांच्यासारखा कोणी, निष्कर्ष खिशात न ठेवता, या प्रयोगशाळांत आणि रांगांत जाऊन बसेल, आणि जे दिसेल ते छोट्या वाक्यांत लिहील, तर 'गर्द'चा पुढचा भाग मिळेल.

पुतण्या दिवाळीला तीन आठवड्यांसाठी येतो आहे. डॉक्टरांना त्याने स्वतः पत्र लिहून आत्याचा आजार कळवला. इतक्या वर्षांत तेही आम्ही केले नव्हते. भाऊ पोलनच्या अडीचशेव्या पानाच्या आसपास आहे. परवा संध्याकाळी त्याने 'गर्द' मागून घेतले. म्हणाला, इंग्रजीने दमायला होते, मध्ये जरा मराठी वाचतो. आम्ही दोघे अंगणात बसलो होतो. तो वाचत होता, मी वर्तमानपत्र घेऊन नुसताच बसलो होतो. दिवे लागले तेव्हा त्याने डोके वर करून किती वाजले ते विचारले. सव्वासात वाजले होते.